‘नाखवा’ : ६० टनांचा मेक आणि गुडघाभर पाणी

मंडळी, ‘नाखवा’, म्हणजे बॅटलटेक या टेबलावरच्या युद्धखेळासाठी मी आखलेला मेक (पायलट आत बसून चालवतो तो महाकाय लढाऊ यंत्रमानव), कागदावरून टेबलावर उतरला. वजनाचा हिशेब बसला, शस्त्रं ठरली, शिवडीच्या नकाशावर त्याला खेळवून झालं आणि रंगकामही अर्ध्याच्या पुढे गेलंय. आज बहुतेक बोलणं नियमांवर आणि शस्त्रांवर, कारण या मेकची सगळी मजा तिथेच आहे.

बॅटलटेक न खेळलेल्यांसाठी एवढंच सांगते: षटकोनी घरांचा नकाशा, एक घर म्हणजे ३० मीटर, एक फेरी म्हणजे १० सेकंद, आणि नेम लागतो की नाही हे दोन फाशांच्या बेरजेवर. १९८४ साली हा खेळ ‘बॅटलड्रॉइड्स’ या नावाने आला, पुढच्या वर्षी त्याला आजचं नाव मिळालं. तोफ डागली की यंत्र तापतं आणि ती उष्णता बाहेर टाकायला हीट सिंक लागतात. मला या खेळाचं वेड लागलं ते या एका नियमामुळे. प्रत्येक फेरीत ‘मारू का थांबू’ हा प्रश्न खराखुरा पडतो.

आता हिशेब. नाखवा ६० टनांचा, चाल ४, धाव ६ (एका फेरीत चालत किंवा धावत ओलांडता येणारी घरं). त्यासाठी २४० रेटिंगचं इंजिन, ११.५ टन. सांगाडा ६, गायरो (तोल सांभाळणारं यंत्र) ३, कॉकपिट ३. म्हणजे शस्त्रांचं नाव काढायच्या आधीच २३.५ टन गेले. चिलखतावर मी कधीच हात आखडत नाही, त्यामुळे १२.५ टन तिकडे: २०० पॉइंट. या वजनाला जास्तीत जास्त २०१ बसतात. तो एक पॉइंट मधल्या धडाच्या पाठीवरून कमी केलाय. उरले २४ टन.

इथे पहिला मोह होतो तो एसी/२० या मोठ्या ऑटोकॅननचा, म्हणजे गोळे डागणाऱ्या तोफेचा. १४ टन, एका फटक्यात २० नुकसान, उष्णता फक्त ७. प्रत्येक मेकला १० हीट सिंक फुकट मिळतात, ते या तोफेला पुरून उरतात. दारूगोळ्याचे २ टन धरले तरी १६ टनांत काम होतं. पण तिचा पल्ला नऊ घरांचा, म्हणजे २७० मीटर. शिवाय गोळे पोटात घेऊन फिरायचं. एक नेमका क्रिटिकल (आतल्या भागावर बसलेला फटका) बसला की आपल्याच दारूगोळ्याने आपला मेक उडतो.

पीपीसीचं (पार्टिकल प्रोजेक्टर कॅनन, कणांचा झोत मारणारी तोफ) उलटं आहे. ७ टन, १० नुकसान, १८ घरांचा पल्ला, गोळ्यांची भानगडच नाही. किंमत उष्णतेत मोजायची: प्रत्येक फटक्याला १०. दोन पीपीसी लावल्या की कागदावर १४ टन दिसतात, पण त्यांना थंड ठेवायला मी फुकटच्या १० वर आणखी ८ हीट सिंक घेतले तेव्हा हिशेब २२ टनांवर गेला. शस्त्राचं खरं वजन नेहमी असंच धरावं, तक्त्यातला आकडा बघून भुलू नये. उरलेल्या २ टनांत दोन मीडियम लेझर आले, धडाच्या दोन्ही बाजूंना. ते हवेतच, कारण पीपीसीला जवळचं नीट दिसत नाही, नेमासाठी फाशांवर लागणारा आकडा वाढतो: तीन घरांवर +१, दोनवर +२, अगदी शेजारी +३. तिची खरी जागा चार ते सहा घरं. तिथे जवळच्या अंतराची अडचण संपलेली असते आणि लांबच्या पल्ल्याचा दंड सुरू झालेला नसतो.

१८ हीट सिंकवर नाखवा कसा चालतो? चालत दोन्ही पीपीसी डागल्या की २० अधिक १, वजा १८, म्हणजे ३ उष्णता अंगावर. दुसऱ्या फेरीत ६. पाच झाले की चाल एकाने कमी होते. तिसऱ्यांदाही दोन्ही डागल्या तर ९ होतात, आणि आठपासून प्रत्येक नेमाला +१ दंड लागतो. म्हणून लय अशी: दोन्ही, दोन्ही, एक. तिसऱ्या फेरीत एकच डागली की ७ उतरतात आणि उष्णतेचा काटा शून्यावर. ही लय बोटांवर बसली की मेक हातचा वाटायला लागतो.

आणि आता नावाचं काम. नाखवा पाण्यात उभा राहण्यासाठीच घडवलाय. या इंजिनात नऊ हीट सिंक मावतात, बाकीचे नऊ आपण कुठे ठेवायचे ते ठरवतो. पायात सामान बसवायच्या सहा जागा, त्यातल्या चार सांध्यांच्या, म्हणजे दोन मोकळ्या. मी दोन्ही पायांत दोन-दोन हीट सिंक बसवले. खोली १ च्या, म्हणजे पाय बुडतील एवढ्या पाण्यात उभं राहिलं की पायातले हीट सिंक दुप्पट काम करतात. १८ चे २२ झाले! आता २१ उष्णता तयार झाली तरी काटा हलत नाही. प्रत्येक फेरीत दोन्ही पीपीसी, हवं तेवढा वेळ.

कुणीतरी डबल हीट सिंकचं (दुप्पट उष्णता टाकणाऱ्या) सुचवेलच. आमचा गट खेळाच्या कथेतल्या ३०२५ सालच्या काळातले साधे नियम खेळतो, हे एक कारण. दुसरं जास्त महत्त्वाचं: इनर स्फिअरच्या (खेळाच्या कथेतला मानवी राज्यांचा प्रदेश) डबल हीट सिंकला तीन जागा लागतात, ते पायात बसतच नाहीत. मग पाण्याचा फायदा गेला. आणि पाण्याशिवाय हा नाखवा कसला?

पाणी आणखी एक गोष्ट देतं. त्या खोलीत मेकला अर्धा आडोसा मिळतो: समोरच्याला +१, आणि पायावर बसलेला फटका पाण्यात जातो. समोरून मारताना पाय लागण्याची शक्यता ३६ पैकी ८, म्हणजे २२ टक्के फटके वाया. ज्या पायांवर सगळा डाव उभा आहे, त्यांचंच रक्षण होतं. मात्र समोरचाही पाण्यात उतरला तर हे गणित बदलतं. तसंच पाण्यातल्या प्रत्येक घराला दोन चाली लागतात, त्यामुळे फेरीत दोनच घरं सरकता येतं, आणि तेवढ्या हालचालीला बचावाचा गुण मिळत नाही. शिवाय प्रत्येक नव्या घरात तोल सांभाळायचा फासा टाकायचा. साध्या पायलटला ४ किंवा जास्त लागतात. ३६ पैकी ३ वेळा मेक आडवा. म्हणून एकदा जागा पकडली की गरजेशिवाय हलायचं नाही.

नकाशा मी स्वतः काढला: शिवडीची खाडी, भरतीचं पाणी, जुना धक्का, आणि कडेला अटल सेतूचे सुरुवातीचे खांब. १५ बाय १७ घरांचा, म्हणजे साधारण ४५० बाय ५१० मीटरचा तुकडा. ओहोटीचा चिखल वेगळ्या रंगात दाखवलाय, तिथे पाण्याचा फायदा नाही. समोर डोंबिवलीचा आमचा मित्र हंचबॅक नावाचा मेक घेऊन बसला होता. त्याच्या खांद्यावर तीच एसी/२०. बराच वेळ तो गोदामांच्या आडून बाहेरच येईना. आला तेव्हा सहा घरांवर आला. त्याला ८ हवे होते, ९ पडले. मग जागेचा फासा टाकला, पुन्हा ९: डावा पाय. वीसच्या वीस पाण्यात! सगळ्यांनी नियम पुन्हा वाचला, मग त्यानेच हसत ‘बरोबर आहे’ म्हटलं. पुढच्या दोन फेऱ्यांत पीपीसीने हंचबॅकचं उजवं धड उघडं पाडलं आणि तिथली ती तोफ गेली.

पण हा मित्र शिकतो पटकन. पुढच्या खेळात त्याने जिथे पोचायचं ते लक्ष्य धक्क्याच्या मागे, कोरड्या जमिनीवर ठेवायला लावलं. नाखव्याला बाहेर यावं लागलं की तो १८ हीट सिंकचा, चाल ४ चा, साधा मेक. हीच त्याची मर्यादा आणि मला ती मान्य आहे. ज्या गटात नकाशावर पाणी नसतं, तिथे हा आराखडा वापरू नका.

आता मूर्तीकडे, म्हणजे टेबलावरच्या छोट्या प्रतिकृतीकडे. १:२८५ मापाला १२ मीटरचा मेक चार सेंटिमीटरच्या आसपास भरतो, त्यामुळे हाताचे सांधे जपून करावे लागतात. दोन्ही हात चुंबकावर बसवलेत. भोकांसाठी बारीक ड्रिल बिट नागदेवी स्ट्रीटवर सुटे मिळतात, हातानेच फिरवून भोक पाडायचं. मुंबईच्या पावसाळ्यात स्प्रे प्रायमर मारायचा नाही. दमट हवेत पृष्ठभाग खरबरीत होतो आणि पॅनलच्या रेषा भरून जातात. ब्रशने पातळ दोन हात द्या, मधे रात्रभर सुकू द्या. रंग होड्यांचे घेतले: गडद निळं अंग, त्यावर नारिंगी पट्टा, आणि गुडघ्याच्या वर पाण्याची रेघ. रेघेखाली हिरवट-तपकिरी वॉश (पातळ रंगाचा हात) दिला आणि सांध्यांत स्पंजने गंज टेकवला. पीपीसीच्या नळीच्या टोकाला मात्र फिकट निळा रंग कडेकडेने चढवलाय. लांबून बघितलं तरी नळी तापलेली वाटते.

लोकलने मूर्ती नेणाऱ्यांसाठी एक कामाची गोष्ट. तळाला चुंबक लावून डब्यात ठेवायचं असेल तर डबा आधी तपासा. स्टेनलेस स्टीलच्या बऱ्याच डब्यांना चुंबक चिकटत नाही. बिस्किटांचा पत्र्याचा डबा उत्तम. त्यात ठेवलेला नाखवा दादरच्या गर्दीतूनही जागचा हलत नाही.

जंप जेटचा (मेकला उडी मारू देणारी इंजिनं) विचार करून झाला. चार जेट म्हणजे ४ टन, त्यासाठी दोन्ही लेझर आणि दोन हीट सिंक काढावे लागतील. मग उडून दोन्ही पीपीसी डागल्या की एका फेरीत ८ उष्णता, आणि जवळ आलेल्याला मारायला काहीच नाही. नको. त्यापेक्षा जोडीला कोरड्या जमिनीवर पळणारा हलका मेक घ्यावा, ३५ टनांपर्यंतचा. त्याचं इंजिन ठरवतेय. तुमच्यापैकी कुणी जेनर हा हलका मेक वापरत असेल तर त्याची उष्णता फेरीगणिक कशी सांभाळता ते लिहा, माझा हिशेब तिथे अडलाय.