बुजऱ्या मुलाच्या हाती टाळ

पुणे ते सासवड हा माऊलींच्या पालखी सोहळ्यातला सर्वांत लांबचा टप्पा, जवळपास ३० किलोमीटरचा. लहान मुलंही सर्वांत जास्त दिसतात ती याच वाटेवर, कारण पुण्यातली कितीतरी कुटुंबं एवढा एक दिवस चालायला येतात. वडकीचा विसावा झाला की दिवे घाट लागतो, आणि आईच्या ओढणीत तोंड खुपसलेली दोन-चार मुलं आमच्या दिंडीत हमखास भेटतात.

अशा मुलाला पहिला धक्का बसतो तो आपल्या प्रेमाचाच. वारीत सगळेच माऊली, म्हणून सत्तरीचे आजोबा पाच वर्षांच्या पोराच्या पायाला हात लावतात. मुलाला त्यातला भाव कुठून कळणार? अनोळखी माणूस एकदम पायाशी वाकला, एवढंच त्याला दिसतं. मग कुणी नाव विचारतं, कुणी अभंग म्हणायला सांगतं, कुणी मोबाइल समोर धरतं, आणि मागून आई-वडील ‘बोल ना, सांग ना’ करत राहतात. इथे मिटलेलं मूल सासवडपर्यंत उघडत नाही.

जुने टाळकरी हे वेगळं करतात. ते मुलाच्या समोर येत नाहीत, शेजारून चालतात, तोंड वाटेकडे. थोड्या वेळाने आईला विचारतात, ‘माऊली, हिच्याकडे टाळ देऊ का?’ गेल्या वारीत घाटाच्या वळणावर आमच्या रांगेतल्या एका आजींनी सहा-सात वर्षांच्या मुलीपुढे नुसती जोडी धरली. ‘हे धर गं जरा, पदर खोचते.’ पदर खोचून झाला, पण टाळ त्यांनी परत मागितले नाहीत. शेजारच्याकडून दुसरी जोडी घेतली आणि चालू लागल्या.

टाळ दोरीला धरायचा असतो. बोटं काठाला लागली की नाद मरतो. मुलीने काठच घट्ट धरले होते, आणि आजींनी ते तसेच राहू दिले. हे फार महत्त्वाचं आहे. सगळ्या रांगेच्या गजरात तो दबका ठोका कुणाला ऐकू जात नव्हता, त्यामुळे चुकायची भीतीच उरली नाही. ‘ज्ञानोबा माऊली तुकाराम’च्या ठेक्यात हात बसल्यावर आजींनी आपली दोरी बोटाला गुंडाळून तिला दिसेल अशी धरली. मुलीने बघून तसंच केलं. मग पुढची अडचण आली: दोन्ही टाळ नेमके तोंडावर तोंड आपटले की मध्ये हवा कोंडते आणि नुसतं ‘ठप्प’ होतं. एक टाळ किंचित सरकवून मारला की खणखणतो. तेही आजींनी तोंडाने सांगितलं नाही, हळू वाजवून दाखवलं.

पहिला नाद खणखणला की ‘वा वा’ करायचा मोह आवरावा. रांगेतली दहा डोकी वळतात आणि मुलाचा हात जागीच थांबतो. मान हलवली तरी पुष्कळ. मोठी जोडी लहान मनगटाला लवकर जड होते, म्हणून दिंडीत एखादी छोटी जोडी असू द्यावी. मुलाने घेतली नाही तर थोड्या वेळाने एकदा पुन्हा पुढे करावी, तिसऱ्यांदा नाही. आपण रांग सोडणार असलो तर मुलाला आधी सांगून जावं. न सांगता गेलेल्या माणसाला ते घाटभर शोधत राहतं.

आई-वडिलांनी एक काळजी मात्र घ्यायलाच हवी. बुजरं मूल हरवलं तर विचारणाऱ्याला नावसुद्धा सांगत नाही. त्याच्या सदऱ्याच्या आत गळ्यात चिठ्ठी असावी: मोबाइल नंबर आणि दिंडी क्रमांक. क्रमांकाबरोबर ‘रथापुढे’ की ‘रथामागे’ हेही लिहावं, कारण रथापुढे २७ दिंड्या असतात आणि रथामागे क्रमांक पुन्हा एकपासून सुरू होतात. असं मूल सापडलं तर प्रश्नांचा भडिमार करू नये. त्याच्या शेजारी खाली बसावं, चिठ्ठी वाचून फोन लावावा आणि आई येईपर्यंत तिथून हलू नये.