वाचा गेली, हिशेब शाबूत

तुर्भ्याच्या कांदा-बटाटा बाजारातले जुने आडते. मेंदूच्या डाव्या बाजूला स्ट्रोक, उजवा हात लुळा, तोंडून फक्त "हां हां". वाशीला आमच्याकडे स्पीच थेरपीसाठी आणलं तेव्हा मुलगा म्हणाला, "बाबांना आता काहीच कळत नाही."

'कळतं का' हे दोनदा तपासावं लागतं. आधी भाषा. 'मुलाने मुलीला ढकललं', 'मुलीने मुलाला ढकललं' अशी वाक्यं बोलायची आणि दोनपैकी योग्य चित्रावर बोट ठेवू द्यायचं. काकांची निम्मी उत्तरं बरोबर आली, म्हणजे निव्वळ अंदाज. हो-नाहीचाही भरवसा नव्हता.

मग शब्दांशिवाय. रेव्हनची तर्कचाचणी: रंगीत आकृत्या, एकूण 36. प्रत्येकीतला एक तुकडा गाळलेला, खाली सहा पर्याय. तोंडी सूचना नाही, पहिली आकृती आपणच बोटाने सोडवून दाखवायची. अशा स्ट्रोकमध्ये अनेकांना उजवीकडचं दिसत नाही. पुस्तक त्यांच्या डावीकडे सरकवलं नाही, तर उजवीकडचे पर्याय नजरेतून सुटतात आणि माणसावर 'बुद्धी गेली' असा शेरा बसतो. काकांनी शेवटच्या अवघड आकृत्याही सोडवल्या.

त्यांच्या धंद्यातलं काही द्यावं म्हणून मी शेतकऱ्याची पट्टी, म्हणजे विकलेल्या मालाचा हिशेब, लिहिली. 40 गोणी, प्रत्येकी 50 किलो, भाव क्विंटलला 1800, रक्कम 36,000. हमाली-तोलाईचे 1,250 वजा करायचे, ते मी मुद्दाम मिळवून 37,250 लिहिले. काकांनी डाव्या हाताने तो आकडा खोडला, खाली वाकडंतिकडं 34,750 लिहिलं आणि रागाने माझ्याकडे पाहिलं. मग 17 − 52 दिलं, तर आकड्याआधी उणे चिन्ह टाकून 35.

कोणी कोणाला ढकललं हे वाक्यातून उमगत नाही, पण कशातून काय वजा करायचं हे पक्कं ठाऊक! इंग्लंडमध्ये रोझमेरी व्हार्ली आणि सहकाऱ्यांनी 2005 साली व्याकरण गमावलेल्या तीन रुग्णांमध्ये हेच दाखवलं होतं. वाक्य उलटं केलं की ते गोंधळायचे, वजाबाकी उलटी केली तरी नाही. विचाराला दरवेळी वाक्याचा आधार लागत नाही, हे मला अशा रुग्णांइतकं ठळक कुठेच दिसत नाही. अर्थात सगळ्यांचंच गणित शाबूत राहत नाही. इजा मागे, पार्श्वखंडापर्यंत (मेंदूच्या वरच्या-मागच्या भागापर्यंत) गेली, तर आकडेही जाऊ शकतात. म्हणून तपासणी प्रत्येकाची वेगळी.

मुलाला सांगितलं: ओरडून बोलू नका, त्यांना ऐकू येतं. आकडे, चित्रं, खरी पट्टी डावीकडे ठेवा. एका वेळी दोनच पर्याय द्या आणि उत्तरासाठी थांबा. मग पर्यायांच्या जागा बदलून तेच पुन्हा विचारा. दोन्ही वेळा बोट एकाच पर्यायावर गेलं, तरच ते त्यांचं उत्तर धरा.