नानांचा टॉवेल

पाथर्डी फाट्याला राहायला आल्यापासून टॉवेलांनी जीव नकोसा केला होता. गच्चीतून काढायला जावं तर दोरीवर घडी पडली तिथेच ताठ, पापडासारखे. पंचवटीतल्या घरी नळाला गंगापूर धरणाचं पाणी होतं, तिथे असं कधी झालं नाही. इथे उन्हाळाभर टाकीत बोअरचं पाणी पडतं.

माझे सासरे, नाना, ८४ वर्षांचे. त्यांची कातडी आता कांद्याच्या पापुद्र्यासारखी झाली आहे. मार्चमध्ये एकदा पाठ पुसून देताना लाल ओरखडे उठले. "राहू दे गं, वाऱ्यानं वाळेल," एवढंच ते म्हणाले. दिवसभर ते मनातून जाईना.

आधी मी पावडर वाढवली. टॉवेल आणखीच राठ झाले. मग सॉफ्टनर आणलं. हाताला मऊ लागायचं, पण धाग्यांवर त्याचा थर बसतो, त्यामुळे टॉवेल पाणीच टिपेना.

उत्तर सापडलं बेसिनच्या नळावर. तिथला पांढरा थर काही केल्या निघत नव्हता. शेजारच्या काकूंनी व्हिनेगरमध्ये फडकं भिजवून गुंडाळायला सांगितलं. पहिले थेंब पडले तसे थरावर बारीक बुडबुडे आले, आणि तासाभराने तो नखाने सुटला. बोअरच्या पाण्यातला हाच क्षार आणि धुऊन न गेलेली पावडर टॉवेलच्या धाग्याधाग्यात बसत होती!

पहिल्या खेपेला मी चुकले. व्हिनेगर पावडरबरोबरच ओतलं. पावडर सोड्याच्या जातीची, व्हिनेगर आंबट. दोघांनी एकमेकांचा जोर मारला आणि कपडे मळकेच निघाले. आता ते शेवटच्या पाण्यालाच घालते, मशीनच्या सॉफ्टनरच्या कप्प्यात अर्धी वाटी. हाताने धुणाऱ्यांनी शेवटच्या बादलीत दोन-तीन चमचे घालावं. चायनीज करायला आणतो तेच साधं पांढरं व्हिनेगर, ४-५ टक्क्यांचं. वास उन्हात वाळेपर्यंत उडून जातो. पावडर मात्र पूर्वीपेक्षा कमीच लागते.

एक गोष्ट हात जोडून सांगते: ब्लीच घातलेल्या पाण्यात व्हिनेगर कधीही घालू नका. त्यातून क्लोरीनचा विषारी वायू सुटतो, आणि आपल्या मोऱ्या केवढ्याशा असतात. मशीनमधलं रबरही आंबटाने हळूहळू खराब होतं, म्हणून मी रोज वापरत नाही. आठवड्यातून एकदा, टॉवेल आणि चादरी, बस्स. हळदीचा डाग याने जात नाही. त्याला कडक ऊनच हवं.

तीन-चार धुण्यांत टॉवेलचे दोरे पुन्हा उभे राहिले. नाना हल्ली मला हाक मारत नाहीत. टॉवेल दोन्ही टोकांना धरून पाठीमागे नेतात आणि स्वतःच सावकाश पाठ पुसतात.