टेफ्लॉन शीट: ओव्हनमध्ये, इस्त्रीखाली आणि ग्लू गनजवळ

बेकिंगच्या ट्रेमध्ये अंथरायची ती तपकिरी, पातळ, गुळगुळीत शीट दिसायला प्लास्टिकची वाटते, पण मुळात ते कापड आहे. काचेच्या बारीक तंतूंचं विणलेलं कापड आणि त्याच्या दोन्ही बाजूंना पीटीएफईचा, म्हणजे टेफ्लॉनचा थर. उष्णता आणि ताण सोसायचं काम काचेच्या कापडाचं, काही चिकटू न देण्याचं काम वरच्या थराचं. कापडासकट अख्ख्या शीटची जाडी साधारण 0.08 ते 0.25 मिलिमीटर, तेव्हा वरचा थर किती पातळ असेल याचा अंदाज येईल. शीट खराब होते ती बहुतेक वेळा या थराला घडी, सुरी किंवा घासणी लागल्यामुळे. नुसत्या उष्णतेने सहसा नाही.

उष्णतेची मर्यादा 260 अंश सेल्सिअस. घरगुती ओव्हनमधलं बेकिंग आणि इस्त्री दोन्ही यात आरामात बसतात. अडचण येते ती ग्रिल मोडमध्ये. तिथे हवेचं तापमान कितीही दाखवलं तरी लाल झालेल्या कॉइलजवळचा पृष्ठभाग मर्यादेच्या बराच वर जातो. म्हणून ग्रिलखाली, कॉइलला टेकून किंवा गॅसच्या ज्योतीवर ही शीट कधीच वापरायची नाही. पीटीएफई 327 अंशांच्या आसपास वितळायला लागतं आणि त्याहून जास्त तापलं की विषारी वाफा सोडतं. पिंजऱ्यातले पक्षी या वाफांनी मरतात, त्यामुळे घरात पक्षी असेल तर हा नियम दुप्पट काटेकोरपणे पाळा.

ट्रेसाठी शीट कापताना ट्रेच्या आतल्या तळाचं माप घ्या आणि प्रत्येक बाजूने 5 मिलिमीटर कमी ठेवा. कड ट्रेच्या भिंतीवर चढली की खाली हवेची पोकळी राहते आणि तिथल्या कुकीज फिक्या निघतात. धारदार कात्रीने एका दमात कापा, कोपरे गोल करा. टोकदार कोपऱ्यातूनच तंतू आधी सुटतात. आणि एक गोष्ट नीट लक्षात ठेवा: कापायची मुभा या पातळ शीटलाच आहे. आत जाळी असलेली जाड सिलिकॉन मॅट कापली तर कडेने काचेचे तंतू उघडे पडतात आणि ते खाण्यात येऊ शकतात.

सिलिकॉन मॅट आणि ही शीट एकमेकांच्या जागी सरसकट चालत नाहीत. मॅट जाड असल्याने खालून येणारी उष्णता अडवते, म्हणून कुकीजचा तळ फिका राहतो आणि एखाद-दोन मिनिटं जास्त लागतात. पातळ शीटवर तळ जवळजवळ उघड्या ट्रेसारखाच भाजला जातो. मात्र पृष्ठभाग निसरडा असल्याने लोण्याचं प्रमाण जास्त असलेलं पीठ भराभर पसरतं. थापलेल्या कुकीज अर्धा तास फ्रीजमध्ये ठेवून मग भाजल्या की आकार टिकतो. पंख्याच्या ओव्हनमध्ये शीटचा मोकळा कोपरा उडून मेरिंगवर (अंड्याचा पांढरा बलक आणि साखर फेटून केलेल्या मिश्रणावर) येऊन बसतो, त्यासाठी चारही कोपऱ्यांखाली त्याच मिश्रणाचा एकेक ठिपका लावा. ट्रे बाहेर काढताना सपाट धरा. जरा तिरका झाला तरी शीटसकट सगळं घसरतं. गोल केक टिनसाठी मात्र बेकिंगचा कागदच बरा, कारण ही शीट भिंतीला लागून वळत नाही, तिला मुरड पडते.

शीटला तूप, तेल, लोणी काहीही लावू नका. चिकटू नये म्हणून केलेला हाच उपाय पुढे चिकटण्याचं कारण ठरतो. तेलाचा पातळ थर प्रत्येक भाजणीत तापून घट्ट होतो, तपकिरी चिकट पापुद्रा बनतो आणि पदार्थ त्या पापुद्र्याला धरतो. स्प्रेचं तेल यात सर्वांत वाईट. पापुद्रा धरलाच असेल तर खाण्याच्या सोड्यात थोडं पाणी घालून लेप करा, 15 मिनिटं लावून ठेवा आणि मऊ फडक्याने चोळा. तारेची घासणी नको. नुसते डाग राहिले तर राहू द्या, त्यांनी काही बिघडत नाही.

क्राफ्टमध्ये या शीटचा सर्वांत सुंदर उपयोग ॲप्लिकेसाठी, म्हणजे कापडावर कापडाचे तुकडे लावून केलेल्या चित्रासाठी होतो. तपकिरी शीट अर्धपारदर्शक असते. चित्राचा कागद खाली ठेवला की रेषा वरून दिसतात. फ्युजिबल वेब (कागदावर येणारा, इस्त्रीने वितळणारा गोंदाचा पातळ थर) लावून कापलेले कापडाचे तुकडे, मागचा कागद काढून, चित्राबरहुकूम एकावर एक रचा आणि इस्त्री टेकवा, पण ओढू नका. मग थांबा. गार झाल्यावर अख्खं चित्र एकसंध सुटून हातात येतं, गोंद मागच्या बाजूला शाबूत. गरम असतानाच उचललं तर गोंद अजून पातळ असतो, निम्मा शीटवरच राहतो आणि पुढच्या कापडाला लागतो.

टी-शर्टवर व्हिनाइल, म्हणजे उष्णतेने चिकटणाऱ्या पातळ प्लास्टिकची कापलेली अक्षरं लावताना साधारण 150 ते 160 अंश आणि 10 ते 15 सेकंद लागतात, नेमका आकडा पाकिटावर बघा. कॅरिअर (अक्षरांवरचं पारदर्शक प्लास्टिक) काढल्यावर अक्षरांवर शीट ठेवून आणखी 5 सेकंद दाबा, कडा पक्क्या बसतात. दुसरी शीट टी-शर्टच्या आत सरकवली तर पुढची-मागची बाजू एकमेकांना चिकटत नाही. कापडात ओल असेल तर शीटमधून वाफ निघायला वाट मिळत नाही आणि व्हिनाइल सुटतं. म्हणून आधी नुसतं कापड 5 सेकंद दाबून घ्या. सब्लिमेशनला, म्हणजे कागदावर छापलेलं चित्र उष्णतेने कापडावर उतरवताना, ही शीट वापरू नका. त्यात 190 ते 200 अंशांना शाईची वाफ होते, ती शीटवर बसते आणि पुढच्या कपड्यावर आधीच्या चित्राची सावली उमटते. तिथे साधा कोरा कागद, दर वेळी नवा.

शीटवर पडलेला ग्लू गनचा गोंद गार झाला की नखाने उचलला जातो. पॉलिमर क्ले (ओव्हनमध्ये भाजून कडक होणारी प्लास्टिकची माती) 130 अंशांच्या आसपास भाजताना टेकलेल्या जागी चकचकीत डाग येतो; तो नको असेल तर मध्ये कागद घाला. रेझिन (ओतल्यावर घट्ट होणारं द्रव प्लास्टिक) शीटवरून सुटतं, पण मागच्या बाजूला विणीचा ठसा राहतो.

क्राफ्टची शीट पुन्हा ओव्हनमध्ये खाण्याखाली घालायची नाही, कितीही धुतली तरी. मार्कर या थरावर टिकत नाही, म्हणून क्राफ्टच्या शीटचा एक कोपरा तिरका कापून टाका किंवा सरळ काळ्या रंगाची शीट घ्या.

ठेवताना गुंडाळी करा, घडी नाही. घडीच्या रेषेवर आतले काचेचे तंतू तुटतात आणि थराला भेग जाते. उजेडासमोर धरल्यावर भेग, सुटलेले पांढुरके धागे किंवा सोललेला थर दिसला की ती शीट क्राफ्टसाठीही ठेवू नका. ते धागे बोटांत रुततात.