सहाच्या आधी माईक नाही

आमच्या पेठेतल्या दिवाळी सप्ताहाच्या परवानग्या माझ्या गळ्यात पडल्या, त्याला कारण एकच. माझं झेरॉक्सचं दुकान आहे. बैठकीत आबा म्हणाले, "वहिनी, तुमच्याकडं कागद हाय, मशीन हाय, दिवसभर अर्ज लिहिणारी माणसं तुमच्याच दारात. परवानग्यांचं तुम्हीच बघा." लगेच टाळ्या पडल्या. त्या इतक्या पटकन पडल्या, की यात काहीतरी गोम आहे हे मला तिथंच कळलं.

गोष्ट २०२४ च्या दिवाळीची, साताऱ्यातली. त्या वर्षी वसुबारस सोमवारी, २८ ऑक्टोबरला आली आणि भाऊबीज रविवारी, ३ नोव्हेंबरला. सोमवार ते रविवार, आखून दिल्यासारखा आठवडा. मधला बुधवार तर तिथीच्या हिशेबात मोकळाच होता, ना धनत्रयोदशी ना नरकचतुर्दशी. आबांना ते फार आवडलं. सोमवारी मुलांनी आकाशकंदील करायचे, मंगळवारी रांगोळी स्पर्धा, बुधवारी बालनाट्य आणि दिवाळी अंकांचं वाचन, गुरुवारी घरोघरी फिरून किल्ल्यांचं परीक्षण, शुक्रवारी लक्ष्मीपूजनाची सुट्टी, शनिवारी पाडव्याला देवळाच्या पटांगणात दिवाळी पहाट, रविवारी बक्षिसं. कागदावर सगळं झकास दिसत होतं.

पहिली चूक माझी. परवानगी हातात यायच्या आधीच मी एक हजार पत्रकं छापली. मशीन घरचं, उत्साह दांडगा. दसरा झाला आणि मंगळवारी, १५ ऑक्टोबरला, विधानसभेच्या निवडणुका जाहीर झाल्या. मतदान २० नोव्हेंबरला, पण आचारसंहिता जाहीर झाल्या दिवसापासूनच. माझ्या पत्रकावर प्रमुख पाहुणे म्हणून दोन नावं ठळक होती, एक माजी नगरसेवक आणि एक भावी. (तेव्हा नगरपालिकेवर प्रशासक होते, त्यामुळे गावात चालू नगरसेवक एकही नव्हता. भावी मात्र बोळाबोळात होते.) दोन्ही नावांवर पांढरी पट्टी चिकटवायचं ठरलं. संध्याकाळी सासूबाई, मी आणि शेजारची दोन पोरं कात्र्या घेऊन बसलो. चारशे झाली तेव्हा माझी बोटं डिंकानं एकमेकांना चिकटली होती.

नाव झाकल्यावर एकानं वर्गणीचा शब्द मागं घेतला. "बॅनरवर फोटू नाही, तर मग पाच हजाराचं काय करायचं ते बघू," म्हणाले. ते बघणं अजून चालू आहे.

मग अर्ज. जागा देवस्थानची, म्हणून विश्वस्तांचा ना हरकत दाखला. त्यावर पोलीस ठाण्याचा अर्ज, सोबत आयोजकांच्या आधारच्या प्रती, साउंडवाल्याचं नाव-पत्ता, जागेचा नकाशा आणि हमीपत्र. निवडणुकीच्या एक खिडकी कक्षाची वेगळी प्रत. हमीपत्र स्टॅम्पवर करू म्हटलं, तर नेमकं त्याच आठवड्यात शंभराच्या स्टॅम्पचं काम पाचशेवर गेलेलं. दुकानात येणारा प्रत्येक जण मलाच विचारत होता, जसा काही तो निर्णय मी घेतला होता. सुदैवानं आमचं साध्या कागदावर चाललं.

नकाशा मात्र साध्या कागदावर चालला नाही. शाळा, दवाखाना, न्यायालय यांच्यापासून शंभर मीटरपर्यंत शांतता क्षेत्र असतं आणि तिथं ध्वनिक्षेपकाला परवानगी मिळत नाही. पटांगणाच्या मागच्या अंगाला शाळा आहे. "दिवाळीची सुट्टी आहे की हो," मी म्हटलं. हवालदार म्हणाले, "सुट्टी पोरांना असती, शाळा हितंच असती." मग मी आणि आबा सुताराकडचा टेप घेऊन निघालो. टेप पाच मीटरचा. आबा एक टोक धरून उभे, मी खडूनं खूण करत पुढं. रस्त्यावरची दोन कुत्री आणि एक भाजीवाली आमच्याबरोबर. शाळेच्या फाटकापासून स्टेजच्या जागेपर्यंत एकवीस वेळा टेप टाकला आणि वर अडीच मीटर उरले. स्टेज आणखी थोडं पुढं सरकवायचं ठरवून आम्ही तिथंच चहा घेतला.

खरा घोटाळा वेळेचा होता. पत्रकावर छापलं होतं, "पहाटे ५.३०". ठाण्यातल्या मॅडमनी अर्ज वाचला, पेन्सिलनं त्या आकड्याभोवती गोल केला आणि म्हणाल्या, "सहाच्या आधी माईक नाही."

मला वाटलं, सणासुदीची सूट असते ना. असते. सन २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर ध्वनिक्षेपक बंद. सणांसाठी वर्षातले जास्तीत जास्त १५ दिवस सवलत देता येते, पण ती रात्री १० ते १२ ची. म्हणजे मध्यरात्रीपर्यंत दणदणाट करायचा असेल तर नियमात खिडकी आहे, पहाटे भूपाळी म्हणायची असेल तर नाही. मॅडमनाही त्याचं हसू आलं, पण गोल तसाच राहिला. "बंद सभागृहात घ्या," त्यांनी सुचवलं, "तिथं ही वेळ लागू नाही."

रात्री बैठक. शाहू कला मंदिरात घ्यायचं म्हटलं तर भाडं परवडत नाही. आणि दिवाळी पहाट सभागृहात म्हणजे उघड्यावरच्या पणत्या गेल्या, उजाडणं गेलं, उरल्या नुसत्या खुर्च्या. सहाला सुरू करू म्हटलं तर आबा अडून बसले. "सहाला निम्मी मजा गेली. त्या दिवसात साडेसहाला सूर्य वर येतो. अंधार नको का थोडा?" पुण्याहून येणाऱ्या गायकांना फोन केला. ते सभ्यपणे म्हणाले, माईक असेल तेव्हा मी बसतो. त्यात त्यांचं काही चुकलं असं मला वाटत नाही. उघड्यावर चार-पाचशे माणसांना नुसत्या गळ्यानं ऐकवायचं म्हणजे आवाजाचं मातेरं.

पाच तीस ते सहा. अर्धा तास. त्याचं काय करायचं, हे दोन दिवस कुणाला सुचेना. शेवटी सासूबाई म्हणाल्या, "आपल्या गाण्याच्या बाईंना विचारा की." बाई म्हणजे पेठेतल्या दोन पिढ्यांना सारेगम शिकवलेल्या, आता सत्तरीच्या पुढच्या. त्यांनी एवढंच विचारलं, "लोक किती लांब बसणार?" मी म्हटलं, बाई, जवळ बसवते.

निवडणूक कक्षातला प्रकार त्यामानानं करमणुकीचा. रांगोळी स्पर्धेच्या बायकांनी मला प्रश्न विचारून भंडावलं होतं. लक्ष्मीचं कमळ काढलं तर चालेल का? रामाचं धनुष्यबाण? शुभेच्छांचा पंजा उमटवला तर? दिवाळी आणि मतपत्रिका, दोन्हीकडची चित्रं निम्मी सारखीच. मी खरंच जाऊन विचारलं. तिथले साहेब आधी गंभीर झाले, मग म्हणाले, "देवाच्या हातात असेल ते देवाचं. पक्षाचं नाव, झेंडा, उमेदवार नको." उद्घाटनाला तुतारी वाजवायची आबांची हौस मात्र आपोआपच फिटली. त्या महिन्यात तुतारीवाला मोकळा मिळणार कुठं!

सोमवार-मंगळवार सुरळीत गेले. रांगोळीच्या दिवशी भरारी पथकाचा कॅमेरावाला आला, सगळ्या रांगोळ्यांवरून सावकाश कॅमेरा फिरवला आणि जाताना स्वतःच्या मोबाइलवर मोराचा एक फोटो घेऊन गेला.

बुधवारचं बालनाट्य पडलं. नाटकाचा जाहीर प्रयोग करायचा तर संहितेला रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचं प्रमाणपत्र लागतं. हे आम्हाला कळलं तेव्हा हातात आठ दिवस होते आणि संहितेचं शेवटचं पान अजून लिहिलेलंच नव्हतं. पोरं रडवेली झाली. मग त्यांनाच दिवाळी अंकांतल्या गोष्टी वाचायला दिल्या. पेठेतल्या निवृत्त गुरुजींनी सुरुवातीला सांगितलं, की १९०९ साली का. र. मित्रांनी ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला आणि तिथून ही प्रथा पडली. त्याच महिन्याच्या ३ तारखेला मराठीला अभिजात दर्जा जाहीर झालेला, त्यामुळे गुरुजी त्या विषयात शिरले ते वीस मिनिटं बाहेर आले नाहीत. पोरं तोवर चिवड्यातले दाणे वेचून संपवत होती.

गुरुवारी किल्ले. साताऱ्यात किल्ल्यांच्या स्पर्धेत एक अडचण असते. निम्म्या पोरांनी अजिंक्यताराच केलेला असतो, कारण तो दारातून दिसतो. एकोणीस किल्ल्यांपैकी आठ अजिंक्यतारे. विटा, दगड, वर चिखलात बुडवलेलं पोतं, उतारावर पेरलेला हाळीव. आठवडाभर आधी पेरला तर नेमका परीक्षणाला हिरवागार होतो, उशीर झाला तर किल्ल्याला टक्कल.

त्यातला एक एका चौथीतल्या मुलीनं केला होता, बोळाच्या टोकाला, नळाच्या शेजारी. तिनं मंगळाईचा बुरुज ढासळलेला दाखवला होता. १६९९ च्या डिसेंबरात औरंगजेबानं साताऱ्याच्या किल्ल्याला वेढा घातला. किल्लेदार प्रयागजी प्रभूंनी तो चार महिने झुंजवला. एप्रिलमध्ये मोगलांनी याच बुरुजाखाली सुरुंग उडवले, तेव्हा तटाचा ढिगारा त्यांच्याच माणसांवर कोसळला आणि शेकड्यांनी गाडली गेली. त्यानंतर थोड्याच दिवसांत गड पडला, औरंगजेबानं त्याचं नाव आजमतारा ठेवलं. पुढं ताराबाईंच्या काळात तो परत आला आणि अजिंक्यतारा झाला. पोरीला हे सगळं पाठ होतं. ढिगाऱ्यात तिनं मोगल उपडे पुरले होते, नुसते पाय वर. पण किल्ल्याच्या डोक्यावर तिनं अगरबत्तीच्या काड्यांचा टीव्हीचा टॉवर उभा केला होता, वर लुकलुकणारा लाल दिवा.

परीक्षक इतिहासाचे शिक्षक. ते म्हणाले, "बाळ, औरंगजेबाच्या वेढ्यात टॉवर कुठून आला?"

ती म्हणाली, "सर, मी आत्ताचा किल्ला केलाय. बुरुज तेव्हा पडला, म्हणून पडलेला दाखवलाय. टॉवर आत्ता आहे, म्हणून उभा दाखवलाय."

सर बराच वेळ त्या लाल दिव्याकडं बघत राहिले. दुसऱ्या परीक्षक बाईंनी दहापैकी दहा दिले, सरांनी सहा. शेवटी तिला दुसरा नंबर मिळाला. पहिला आला प्रतापगड, आणि तो उत्तम होता हे मान्य. तरी मला विचाराल तर टॉवरवालाच.

पाडव्याला मी साडेतीनला उठले. पटांगणात पणत्या लावायला पोरं आधीच आलेली. साउंडवाल्यानं बॉक्स लावून ठेवले होते, मिक्सरवर टॉवेल टाकून स्वतः शेजारी बसला होता. ठाण्यातून एक हवालदार आले, घड्याळात बघितलं, टॉवेल बघितला आणि मागच्या कट्ट्यावर बसले. लोक सवयीनं पसरून बसायला लागले, तशी मी ओरडत फिरले, "पुढं या, स्टेजला चिकटून बसा, माईक नाही!" कुणाला पटेना. दिवाळी पहाटेला माईक नाही म्हणजे काय?

साडेपाचला बाईंनी तंबोरा जुळवायला घेतला. मागं कुजबुज, पोरांची पळापळ, दूर कुठंतरी लवंगी फटाके. बाई थांबल्या नाहीत आणि आवाजही चढवला नाही. ललत सुरू केला, सावकाश, जणू घरात एकट्याच बसल्यात. पहिल्या चार रांगांना ऐकू येत होतं. पाचव्या रांगेतली माणसं उठली, सतरंजीच उचलली आणि पुढं येऊन टेकली. मग सहावी. खुर्च्या ओढल्याचा आवाज नको म्हणून लोक खुर्च्या उचलून आणत होते. एका बाळाच्या आईनं बाळाला घेऊन फाटकाबाहेर जाऊन उभं राहणं पसंत केलं आणि तिथून मान वाकडी करून ऐकत राहिली. दहा मिनिटांत अर्धं पटांगण रिकामं आणि स्टेजभोवती पेठ गोळा. मी बाईंपासून चार हातांवर होते. श्वास घेताना त्यांच्या बांगड्या तंबोऱ्याला किती वेळा लागल्या, तेही ऐकू आलं. शेवटी त्यांनी एक जुनी भूपाळी म्हटली, आणि पुढच्या बायका दबक्या आवाजात मागून म्हणायला लागल्या.

बरोब्बर सहाला साउंडवाल्यानं टॉवेल काढला. "कूंऽऽऽ" करून बॉक्स असे किंचाळले की देवळावरची कबुतरं उडाली. हवालदार कट्ट्यावरून उठून घड्याळ बघत म्हणाले, "झाले सहा. वाजवा आता." पुण्याचे गायक बसले, छान गायले, भटियार तर फारच छान. लोक हळूहळू पुन्हा मागं सरकून ऐसपैस बसले.

हिशेब जुळवताना तीन हजार सातशे कमी पडले, ते आबांनी घातले. त्या पत्रकांतली साडेपाचशे उरली. गिऱ्हाइकाचा हिशेब मी अजून त्यांच्या कोऱ्या पाठीवर करते. परवा एका आजोबांनी चिठ्ठी उलटून वाचली, चिकटवलेली पट्टी नखानं खरवडून खालचं नाव बघितलं, मग वेळ बघितली.

"साडेपाच म्हणजे बिनमाईकचं न्हवं?" त्यांनी विचारलं. "औंदा ते तासभर ठेवा."