जुन्या ओ-२००चं शिसं उतरवताना

माझ्या सेस्ना १५० या छोट्या विमानातलं कॉन्टिनेन्टल ओ-२०० हे इंजिन ८०/८७ ग्रेडच्या लाल इंधनासाठी बनलेलं. कॉम्प्रेशन जेमतेम ७:१. ते लाल इंधन कधीच इतिहासजमा झालं आणि त्याच्या जागी सगळ्यांसाठी एकच निळं १००एलएल आलं. याला कमी शिशाचं म्हणतात, ते जुन्या हिरव्या १००/१३०च्या मानाने. त्यात लिटरमागे ०.५६ ग्रॅमपर्यंत शिसं चालतं; इंधनाचा ऑक्टेन वाढावा, म्हणजे ते दाबाखाली अवेळी पेटू नये, म्हणून ते घालतात. ८०/८७ साठी हीच मर्यादा ०.१४ ग्रॅम होती. म्हणजे ज्या इंजिनाला सगळ्यात कमी गरज, त्याच्याच पोटात चौपट शिसं.

त्याचा हिशोब मॅग्नेटो चेकला, म्हणजे प्लगना ठिणगी देणाऱ्या दोन यंत्रणांच्या उड्डाणापूर्वीच्या तपासणीत, द्यावा लागतो. दोन्ही मॅग्नेटोंवर इंजिन गुळगुळीत, एकट्या डाव्यावर टाकलं की खडखडाट, आणि आरपीएम हँडबुकातल्या मर्यादेच्या खाली. थोडा वेळ आरपीएम वाढवून मिक्श्चर लीन केलं (हवेच्या मानाने इंधन कमी केलं) की कधी साफ व्हायचं, कधी नाही. नाही झालं की उड्डाण रद्द, काउलिंग (इंजिनाचं झाकण) उघडा, प्लग काढा.

वरचे प्लग बहुधा ठीक असतात. खालचे काढल्यावर खरी गंमत दिसते. इलेक्ट्रोड आणि सिरॅमिकच्या मधल्या खोबणीत मोहरीएवढ्या करड्या, चकचकीत गोळ्या अडकून बसलेल्या. ब्रशने निघत नाहीत, टोकदार हत्याराने खरवडाव्या लागतात, तेही सिरॅमिकला तडा जाणार नाही इतक्या बेताने. (हातमोजे घालूनच. शिसं आहे ते.) प्लग साफ करून, वर-खाली अदलाबदल करून पुन्हा बसवले की काही दिवस बरे जायचे, मग पुन्हा तेच. दर वेळी प्लगच्या मागे लागणं म्हणजे आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी.

मेकॅनिकनी इंधनाविषयी बोलण्याआधी टॅक्सी करताना मिक्श्चर कुठे असतं ते विचारलं. फुल रिच, म्हणजे इंधन भरपूर, बहुतेकांचं असतं तसंच. त्यांनी कारण समजावलं. शिसं प्लगवर साठू नये म्हणून इंधनात एथिलीन डायब्रोमाइड घातलेलं असतं. ते शिशाला धरून लेड ब्रोमाइड बनवतं आणि ते वायुरूपात धुराड्यातून निघून जातं. पण त्यासाठी प्लगचं टोक पुरेसं तापलेलं हवं. जमिनीवर मंद आरपीएम आणि रिच मिक्श्चर असलं की ज्वलन थंड राहतं आणि शिसं आतच मुक्काम ठोकतं.

तेव्हापासून इंजिन सुरू होऊन स्थिरावलं की मी मिक्श्चरचा नॉब बाहेर ओढतो. आरपीएम किंचित वाढतो, मग उतरायला लागतो, तिथे ठेवतो. इतकं लीन, की थ्रॉटल पुढे दाबलं तर इंजिन अडखळलंच पाहिजे. अर्धवट लीन करून विसरलं तर त्याच स्थितीत टेकऑफ होऊ शकतो आणि तो इंजिनाला महागात पडतो. एवढं लीन असेल तर विसरताच येत नाही. टॅक्सीच्या ताकदीला लीन केल्याने इंजिनाचं काही बिघडत नाही. क्रूझलाही पाऊण ताकदीच्या खाली असताना खडबड येईपर्यंत लीन करून मग थोडं रिच करतो. खरं सांगायचं तर निम्म्याहून जास्त दुखणं इथेच थांबलं. इंधन बदलायच्या विचारात असलेल्यांनी आधी हे फुकटातलं औषध करून बघावं.

उरलेल्यासाठी बिनशिशाचं इंधन. पर्याय दोन होते. एक, मोटारीचं पेट्रोल. त्यासाठीचं एसटीसी (विमानात असा बदल करायला लागणारं अधिकृत प्रमाणपत्र) जुनं आहे. अमेरिकेच्या ईएए या हौशी विमानवाल्यांच्या संघटनेने १९८२ मध्ये सेस्ना १५० साठीच पहिलं मिळवलं होतं. पण त्यात इथेनॉल चालत नाही. ते जुने रबरी सील आणि टाकीचे सीलंट खातं, हवेतलं पाणी ओढतं. तपासणी सोपी आहे: खुणांच्या काचनळीत थोडं पाणी घालून खूण बघायची, वर पेट्रोल भरायचं, हलवायचं, स्थिर होऊ द्यायचं. पाण्याची रेघ वर सरकली तर इथेनॉल पाण्यात उतरलंय. मी आणलेल्या प्रत्येक नमुन्याची रेघ सरकली. तिथेच तो पर्याय बाद झाला. शिवाय हे पेट्रोल लवकर बाष्प होतं, म्हणून व्हेपर लॉक (नळीतच वाफ होऊन इंधन अडणं) आणि कार्बोरेटरमध्ये बर्फ या दोन्हींची भीती वाढते, आणि ओ-२००ला बर्फाची खोड आधीच आहे. पंपावरचा ऑक्टेन आकडाही वेगळ्या पद्धतीने मोजलेला असतो, तो एव्हगॅसच्या (विमानाच्या पेट्रोलच्या) आकड्याशी थेट ताडून पाहता येत नाही.

दुसरा पर्याय यूएल९४. मूळ एव्हगॅसच, फक्त शिसं काढलेलं. जास्त कॉम्प्रेशनच्या इंजिनांना ९४ पुरत नाही; त्यांच्यासाठी जी१००यूएल या बिनशिशाच्या इंधनाला अमेरिकेच्या विमान नियामक एफएएने २०२२ मध्ये एसटीसी दिलं, पण माझ्या इंजिनाला तेवढ्या ऑक्टेनची गरजच नव्हती.

एक शंका मात्र डोक्यात होती. २०२३ मध्ये नॉर्थ डकोटा विद्यापीठाच्या वैमानिक प्रशिक्षण ताफ्यात यूएल९४ वापरताना एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या सीट झिजून व्हॉल्व्ह आत बसत असल्याचं दिसलं आणि ते १००एलएलकडे परतले. ती इंजिनं वेगळी, रोजचा वापरही वेगळा, तरी दुर्लक्ष करण्यासारखी ही गोष्ट नाही. म्हणून इंधन बदलण्याआधीच सगळी मापं घेऊन ठेवली. कॉम्प्रेशन ८० पीएसआयवर तपासलं. बोअरस्कोपने (सिलिंडरच्या आत घालायच्या बारीक कॅमेऱ्याने) प्रत्येक एक्झॉस्ट व्हॉल्व्हचा फोटो काढला. रंगाची वर्तुळं मध्यावर आहेत ना, कडेला एकाच बाजूला हिरवट डाग नाही ना, हे बघायचं असतं, कारण एका बाजूने तापणारा व्हॉल्व्ह पुढे जळतो. आणि हायड्रॉलिक टॅपेटमधलं तेल काढून ड्राय क्लिअरन्स, म्हणजे व्हॉल्व्हच्या यंत्रणेतली मोकळी फट, मोजला. सीट झिजली तर हा आकडा घटत जातो. तो आधी माहीत नसेल तर नंतर मोजून काय कळणार?

कागदपत्रं मानाने सोपी निघाली. एसटीसीच्या यादीत इंजिन आणि विमान दोन्हींचं नेमकं मॉडेल सापडलं पाहिजे. एक असून चालत नाही. मग टाकीच्या झाकणांजवळ इंधनाची स्टिकरं, हँडबुकात पुरवणी, लॉगबुकात मेकॅनिकची नोंद.

एक सवय मात्र नव्याने लावावी लागली. यूएल९४ला रंग नाही. निळ्या इंधनात पाण्याचा थेंब पटकन उठून दिसायचा, आणि चुकून जेट ए (जेट विमानांचं रॉकेलसारखं इंधन) मिसळलं तर निळा रंग फिका पडायचा. आता नमुना पांढऱ्या भिंतीसमोर धरून बघतो, आणि शंका आली तर एक थेंब कागदावर. एव्हगॅस उडून जातं, जेट ए तेलकट कडं सोडतं.

खालचे प्लग आता काढले तर कोरडे, तपकिरी असतात. तेलाच्या अहवालातला शिशाचा आकडा एकदम पडला नाही. आत साठलेलं शिसं प्रत्येक बदलीबरोबर थोडं थोडं उतरत गेलं. तेल मात्र मी अजूनही तेवढ्याच तासांनी बदलतो. शिसं गेलं तरी पाणी आणि आम्ल तेलात येतच राहतं, आणि उभ्या विमानात नुसतं इंजिन फिरवून ते जात नाही. तेल नीट तापेपर्यंत उडावं लागतं. दूरच्या मुक्कामी १००एलएलच मिळालं तर तेच भरतो, दोन्ही मिसळायला हरकत नाही. फक्त किती भरलं ते लॉगमध्ये लिहितो, म्हणजे पुढचा ड्राय क्लिअरन्स मोजताना मेकॅनिकला कशाचा परिणाम बघतोय ते कळेल.