अनेगाडाच्या किनाऱ्यावरचे जेवण

एप्रिलमध्ये मी, दादा, वहिनी आणि आई अशा चौघांनी कॅरिबियन समुद्रातल्या ब्रिटिश व्हर्जिन बेटांमध्ये आठवडाभरासाठी एक कॅटमरान, म्हणजे दोन सांगाड्यांचे शिडाचे जहाज, भाड्याने घेतले होते. जहाजावर स्वयंपाकघर असले तरी संध्याकाळी किनाऱ्यावर जाऊन जेवावे असे सगळ्यांनाच वाटत होते. नांगर टाकून छोट्या होडीने उतरायचे, एवढेच त्यात आहे असा माझा समज होता. प्रत्यक्षात या जेवणाची तयारी दुपारीच सुरू करावी लागते.

अनेगाडा हे त्यांपैकीच एक प्रवाळाचे सपाट बेट असून त्याची सर्वांत उंच जागाही जेमतेम साडेआठ मीटरची आहे. त्यामुळे व्हर्जिन गोर्डा या दुसऱ्या बेटाहून निघाल्यावर बराच वेळ समोर नुसते पाणीच दिसते आणि मग जमिनीच्या आधी नारळाची झाडे वर येतात. मी शीड हाकायला मुंबईत शिकले. आपल्याकडे बंदरात शिरताना लाल बोया, म्हणजे वाट दाखवणारी तरंगती खूण, डावीकडे ठेवतात, तर कॅरिबियनमध्ये तो उजवीकडे ठेवावा लागतो. प्रवाळाच्या रांगांमधून जाणाऱ्या त्या वाटेवर हाताला लागलेली सवय मोडताना मला दादाकडून प्रत्येक बोयाचा रंग मोठ्याने म्हणून घ्यावा लागला.

शेवंड हवी असेल तर चार वाजण्यापूर्वी सांगा, असे आम्हाला आधीच बजावले होते. नांगर पक्का बसल्याची खात्री करून मी व्हीएचएफ रेडिओच्या १६ क्रमांकाच्या चॅनेलवर हॉटेलला हाक मारली, त्यांनी सांगितलेल्या दुसऱ्या चॅनेलवर गेले आणि तीन शेवंडी व एक शाकाहारी ताट सांगितले. भातात मांस घालू नये, हेही तेव्हाच सांगितले, कारण आयत्या वेळी सांगून उपयोग झाला नसता.

आईला होडीत उतरवणे हा माझ्या काळजीचा विषय होता. दादा आधी उतरला. आईने मागच्या पायरीवर बसून एक पाय होडीच्या मधोमध टेकवला आणि दादाचे मनगट घट्ट धरून ती उभी न राहता सरकत आत आली. सगळ्यांच्या चपला, फोन आणि टॉर्च आम्ही जलरोधक पिशवीत ठेवले. इंजिन बंद करणारी लाल दोरी दादाने मनगटात अडकवली आणि धक्क्याला लागल्यावर होडी लांब दोराने बांधली, म्हणजे मागून येणाऱ्यांनाही जागा राहील.

तेलाचे पिंप उभे चिरून केलेल्या शेगडीवर लाकडाच्या निखाऱ्यांवर शेवंडी भाजल्या जात होत्या. आपल्या कोकणातल्या शेवंडीसारख्याच त्या नांग्या नसलेल्या होत्या, आणि लोणी सुटलेले ते धुरकट मांस मला अजून आठवते. आईच्या भातात मात्र तुरीचे दाणे निघाले. इतक्या दूर येऊन तूर भेटली म्हणून तिने दोनदा भात मागून घेतला.

परतताना आमची चूक लक्षात आली. निघताना लख्ख ऊन होते म्हणून डोलकाठीवरचा पांढरा दिवा लावायचे राहून गेले होते. या भागात सूर्य बुडाला की अंधार फार लवकर पडतो, आणि भाड्याची कॅटमरान जहाजे एकमेकांसारखीच दिसतात. काळोखात नांगरलेल्या जहाजांचे दोर, आसपासचे उथळ पाणी आणि होडीत बसलेली आई यांमुळे मी खरोखर घाबरले. दादाने इंजिन अगदी मंद केले आणि मी एकेका जहाजाच्या मागच्या बाजूवर टॉर्च मारून नाव वाचत गेले. पाचवे जहाज आमचे निघाले.

दुसऱ्या दिवशी योस्ट व्हॅन डाइक या बेटावर पोहोचल्यावर मी दुपारीच धक्क्याची दिशा होकायंत्रावर पाहून लिहून ठेवली आणि मागच्या कठड्याला वहिनीची पिवळी ओढणी बांधली. साडेपाचला आम्ही निघालो, तेव्हा ऊन अजून डोळ्यांवर येत होते. होडीत पाय टाकण्याआधी आईने विचारले, “दिवा लावला का?” दादा परत वर चढला आणि लावून आला.